तळघरातला युरेनियमचा दगड

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा मुंबईहून आमच्याकडे मिसिसागाला आले. इथल्या बहुतेक मराठी घरांत असते तशी आमचीही पाहुण्यांची खोली तळघरात आहे, आणि माझा दगडांचा संसारही तिथल्याच फळीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "तो कोपऱ्यातला काळपट जांभळा दगड कुठला गं?"

मी उत्साहात सांगितलं, "बॅनक्रॉफ्टजवळचा. त्यात युरेनियम आहे."

आईने कप खाली ठेवला. बाबांनी नाही ठेवला. त्यांची सगळी नोकरी ट्रॉम्बेला गेली. छातीवर आधी फिल्म बॅज, मग टीएलडी बॅज लावून ते रोज कामाला जायचे, आणि अणुशक्तीनगरच्या आमच्या घरी 'रेडिएशन' हा शब्द भाजीच्या भावासारखा सहज बोलला जायचा. घाबरणाऱ्यांतले ते नव्हेत. मी लगेच गायगर काउंटर आणून दाखवायला लागले, की बघा, दगडाला टेकवला की कसा कडकडतो आणि हातभर लांब नेला की कसा गप्प होतो. त्यांनी ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "गॅमाचं मला नको सांगूस. रेडॉनचं गणित केलंयस का?"

केलं नव्हतं. हा लेख त्या गणिताचा आहे. पण आधी तो दगड जिथून आला त्या गावाबद्दल सांगायला हवं, कारण त्या गणिताची किंमत तिथल्या लोकांनी आधीच मोजलेली आहे.

टोरांटोहून पीटरबरोमार्गे हायवे २८ धरला की सुमारे तीन तासांत बॅनक्रॉफ्ट येतं. गाव छोटं, पण खनिजं गोळा करणाऱ्यांची ही पंढरी. उन्हाळ्यात इथे 'जेम्बोरी' नावाचा दगडांचा मोठा बाजार भरतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॅनडाचे दगड बघायला गेले होते, आणि एका टेबलासमोर थबकून उभी राहिले, कारण त्यावर आपल्या जळगाव-नाशिककडचे स्टिलबाइट, ॲपोफिलाइट आणि वाघोलीचा तो निळाशार कॅव्हनसाइट मांडला होता. ज्यांनी सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पुण्याजवळच्या दगडखाणीतला खडा इथे काचेच्या डबीत बसून डॉलरमध्ये विकला जातो. असो.

बॅनक्रॉफ्टच्या थोडं अलीकडे, पॉडॅश तलावाजवळून आत वळलं की कार्डिफ लागतं. झाडीतून जाता जाता अचानक आखीव गल्ल्या आणि जवळपास एकाच साच्यातली छोटी घरं दिसायला लागतात. शेतीचं गाव असं दिसत नाही, हळूहळू वाढलेलं गावही असं दिसत नाही. हे एका खाणीने आपल्या कामगारांसाठी वसवलेलं गाव. खाणीचं नाव बायक्रॉफ्ट. ती १९५६ साली सुरू झाली आणि १९६३ साली बंद पडली. आसपास आणखी तीन होत्या : फॅरडे (१९५७ ते १९६४), डायनो (१९५८ ते १९६०) आणि ग्रेहॉक (१९५७ ते १९५९). फॅरडे पुढे १९७६ ते १९८२ या काळात 'मॅडावास्का' या नावाने पुन्हा चालली, बायक्रॉफ्ट आणि डायनो कायमच्या मिटल्या. म्हणजे जमिनीत खोल विहिरी खणल्या, गिरणी उभारली, रस्ते केले, घरं बांधली, बायकामुलं आली, आणि डायनोमध्ये तर दोन-तीन वर्षांत सगळं आवरून निघायची वेळ आली.

माल संपला नव्हता, गिऱ्हाईक संपलं होतं. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेला अण्वस्त्रांसाठी मिळेल तेवढं युरेनियम हवं होतं. कॅनडातल्या खाणी आपला माल एल्डोरॅडो या सरकारी कंपनीला विकत, आणि ती तो अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाला देई. १९५९ साली कॅनडात २३ युरेनियम खाणी चालू होत्या आणि त्या वर्षी देशाच्या खनिज निर्यातीत सर्वांत जास्त पैसा युरेनियमने आणला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कळवलं की ठरलेले करार संपल्यावर पुढचा माल आम्ही घेणार नाही. विजेसाठीच्या अणुभट्ट्या तेव्हा नुकत्या रांगत होत्या, त्यामुळे दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. सरकारने उरलेले करार ताणून काही खाणींना थोडी वर्षं जगवलं, एवढंच.

पूर्ण ओसाड पडलेलं गाव पाहायचं असेल तर सस्कॅचवानच्या उत्तर टोकाला, अथाबास्का तलावाच्या वर, युरेनियम सिटीला जायला हवं. तिथे बारमाही रस्ता नाही. विमानाने जायचं, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या तलावावरून. एके काळी पाच हजारांच्या जवळ वस्ती होती आणि शाळेचं नाव होतं 'कँडू हायस्कूल'. ३ डिसेंबर १९८१ रोजी खाण बंद करण्याची घोषणा झाली, ३० जून १९८२ रोजी ती बंद झाली आणि गाव रिकामं झालं. आता शंभराच्या आत माणसं राहतात. मी तिथे गेलेले नाही. कार्डिफचं नशीब त्या मानाने बरं : टोरांटो जवळ, तलाव सुंदर, त्यामुळे घरं पडून राहिली नाहीत. पण उन्हाळ्यातल्या दुपारीही त्या गल्ल्यांमध्ये एक प्रकारची सामसूम जाणवते.

कँडूचं नाव निघालं म्हणून सांगते. बाबा ज्या अणुभट्टीवर काम करत तिचं नाव सायरस. त्या नावातला पहिला 'सी' कॅनडाचा. कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली ही भट्टी १९६० साली सुरू झाली. म्हणजे कार्डिफच्या खाणकामगारांची पोरं गावातल्या गल्ल्यांत सायकली शिकत होती त्याच सुमारास ट्रॉम्बेला कॅनडाचे इंजिनियर फिरत होते. १९७४ साली पोखरणला चाचणी झाली, तिच्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं, आणि कॅनडाने सहकार्य तोडलं. पुन्हा जुळायला २०१० चा करार यावा लागला, आणि २०१५ पासून तर सस्कॅचवानचं युरेनियम भारतातल्या वीजभट्ट्यांसाठी रीतसर जायला लागलं. बाबांना हा सगळा इतिहास तोंडपाठ. त्यांनी कॅनडाचा दगड मात्र आमच्या तळघरात पहिल्यांदा पाहिला.

आता दगडाकडे. बॅनक्रॉफ्टच्या आसपासचा खडक ग्रेनव्हिल या प्राचीन पट्ट्यातला आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे हिमालयासारखी पर्वतरांग होती. ती झिजून गेली, आणि आज आपण तिच्या मुळांवर उभे असतो. तुलनेला सांगायचं तर आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर अवघा साडेसहा कोटी वर्षांचा.

त्या मुळांमध्ये खडक वितळत होता आणि सावकाश थिजत होता. साखर कारखाना आठवा. रस आटवून साखरेचे दाणे जमायला लागले की दाण्यात ज्याला जागा नाही ते सगळं मळीत उरतं, आणि मळी उत्तरोत्तर दाट होत जाते. खडकातही तसंच होतं. फेल्डस्पार, अभ्रक, गारगोटी यांच्या स्फटिकांत युरेनियमचा मोठा, चार धनभारांचा आयन बसत नाही. तो शेवटपर्यंत उरलेल्या रसात साठत जातो. तो रस भेगांमध्ये घुसून थिजला की पेग्मटाइट नावाचा जाड दाण्यांचा खडक होतो, आणि त्यात युरेनियमची खनिजं मिळतात : काळं जड युरेनिनाइट, तपकिरी युरेनोथोराइट, आणि पाणी लागून पुढे तयार होणारं पिवळं धमक युरेनोफेन. फॅरडे खाणीतल्या युरेनोफेनचे नमुने तर संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत. हे सगळं ऐकायला श्रीमंत वाटतं, पण बॅनक्रॉफ्टच्या खाणींत टनभर दगड फोडला की साधारण किलोभर युरेनियम हाती यायचं. उरलेल्या ९९९ किलोंचं काय, ते पुढे येईलच.

माझा दगड पेग्मटाइटातला नाही. तो कार्डिफ आणि विल्बरफोर्सच्या मधल्या भागातल्या दुसऱ्या प्रकारच्या शिरांतला आहे, जिथे कॅल्साइट, फ्लोराइट आणि ॲपाटाइट एकत्र सापडतात. या पट्ट्यात १९२२ साली रिचर्डसन नावाच्या माणसाला युरेनिनाइटचे स्फटिक सापडले आणि इथली सगळी कहाणी सुरू झाली. तेव्हा युरेनियमला भाव नव्हता. लोक त्यातल्या रेडियमच्या मागे होते. रेडियमचं काही जमलं नाही. पण विल्बरफोर्सचं युरेनिनाइट शास्त्रज्ञांच्या कामाला आलं. खडकाचं वय शिशाच्या प्रमाणावरून काढायची पद्धत बाल्यावस्थेत होती तेव्हा ज्या थोड्या नमुन्यांवर ती तपासून पाहिली गेली, त्यांत हे होतं. गणित सरळ आहे. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं. शंभर कोटी वर्षांत त्यातले साधारण १४ टक्के अणू संपून शिसं झालेले असतात, म्हणजे दर सातांत एक. माझ्या दगडातल्या काळ्या ठिपक्यांतही हेच प्रमाण असणार.

आम्ही गेलो तो एका दगडप्रेमींच्या मंडळाबरोबर, जागेच्या मालकाची परवानगी काढून. हे मुद्दाम सांगते. ऑंटारियोत सरकारी जमिनीवर छंद म्हणून थोडे दगड उचलायला हरकत नसते, पण जिथे कोणी खाणहक्क नोंदवलेला आहे किंवा खासगी मालकी आहे तिथे विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि जुन्या युरेनियम गिरण्यांच्या कुंपणापलीकडे तर कधीच नाही. त्या जागा आजही कॅनडाच्या अणुसुरक्षा आयोगाच्या देखरेखीखाली आहेत.

जुन्या खड्ड्याच्या तोंडाशी टाकलेल्या दगडांच्या ढिगावर बसून आम्ही शोधत होतो. इथे काउंटरच्या आधी डोळेच कामाला येतात. किरणोत्सर्गी दाणा कोट्यवधी वर्षं एका जागी बसला की शेजाऱ्यांना छळतो. भोवतालचा कॅल्साइट आणि फेल्डस्पार लालसर झालेला दिसतो, गारगोटी धुरकट होते, दाण्याभोवती बारीक भेगा फुटलेल्या असतात. खुद्द दाण्याचीही सुटका नसते. बेटाफाइटसारख्या खनिजाचा आकार बाहेरून रेखीव आठ पैलूंचा, पण आतली अणूंची रचना स्वतःच्याच किरणांनी मोडून काचेसारखी विस्कटलेली असते. हिरवं मात्र काहीच चमकत नाही. युरेनिनाइट डांबराच्या खड्यासारखं दिसतं. माझ्या लेकाची घोर निराशा झाली. कार्टूनवाल्यांनी पोरांचं नुकसान केलंय.

मग एकाने जांभळ्या, जवळजवळ काळ्या फ्लोराइटवर हातोडी घातली आणि वास आला. तीव्र, नाकाला झोंबणारा, पोहण्याच्या तलावावरच्या क्लोरीनची आठवण करून देणारा. याच्यासारखा फ्लोराइट जर्मनीत बव्हेरियातल्या वोल्सेनडॉर्फलाही मिळतो आणि तिथे त्याला दोनशे वर्षांपासून 'दुर्गंधी दगड' म्हणतात. हा वास कसला यावर रसायनशास्त्रज्ञ पिढ्यानुपिढ्या भांडले. काही म्हणत मुक्त फ्लोरीन वायू. इतर म्हणत अशक्य, कारण फ्लोरीन इतका आक्रमक वायू आहे की दिसेल त्याच्याशी संयोग पावतो, निसर्गात मोकळा राहूच शकत नाही. शेवटी २०१२ साली म्युनिकच्या संशोधकांनी दगड न फोडताच, अणुचुंबकीय अनुनादाने, आतला फ्लोरीन पकडला. दगडातल्या युरेनियमचे किरण कॅल्शियम फ्लोराइडचे बंध तोडतात. कॅल्शियमचे सूक्ष्म पुंजके एकीकडे राहतात, त्यामुळे रंग गडद होतो, आणि फ्लोरीन बारीक पोकळ्यांत कोंडला जातो. फ्लोराइटच्या भिंतींशी त्याचं काही चालत नाही, कारण त्या आधीच फ्लोरीनने तृप्त आहेत. कोट्यवधी वर्षं तो तसाच बसून राहतो, हातोडी पडेपर्यंत. (वास घेण्यासाठी नाक जवळ नेऊ नये. मी नेलं होतं. एकदाच.)

तर असा तो दगड : मूठभर, सुमारे पाव किलो, त्यात काळे ठिपके. घरी आणून धुतला, डब्यात ठेवला आणि तळघरात फळीवर मांडला.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. युरेनियमचा अणू एका उडीत शिसं होत नाही. मध्ये थोरियम, रेडियम, पोलोनियम अशी लांब साखळी आहे, आठ वेळा अल्फा कण बाहेर पडतात. या साखळीत एक सोडून सगळी मूलद्रव्यं घन आहेत, दगडात होती तिथेच पडून राहतात. तो एक म्हणजे रेडॉन-२२२. तो वायू आहे आणि त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे भेगेतून बाहेर पडून हवेत मिसळायला पुरेसा वेळ. रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो तसा बाहेरही येतो. खरा त्रास त्याच्या पोरांचा. त्याच्यापासून होणारे पोलोनियमचे अणू धुळीला चिकटतात, फुप्फुसाच्या आतल्या नाजूक अस्तरावर बसतात आणि तिथेच अल्फा कण सोडतात. अल्फा कण कागदानेही अडतो हे आपण शाळेत शिकलो. पण इथे मध्ये कागद नसतोच.

हे ज्ञान नवं नाही. जर्मनीत श्नीबर्गच्या खाणीतले कामगार तरुणपणी छातीच्या रोगाने मरतात हे शतकानुशतकं माहीत होतं, आणि तो रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग हे दोन डॉक्टरांनी १८७९ साली लिहून ठेवलं होतं. तरी १९५० च्या दशकात ऑंटारियोत खाणी धडाधड उघडल्या तेव्हा जमिनीखाली पुरेशी हवा खेळवायला कोणी फारसं बांधील नव्हतं. सुरुंग उडवायचा, धूळ खाली बसायच्या आत पुन्हा आत शिरायचं. दगडात गारगोटी भरपूर, म्हणून सिलिकोसिसही सोबतीला. त्यावरचा त्या काळचा उपाय ऐका : ऑंटारियोच्या सोन्याच्या आणि युरेनियमच्या अनेक खाणींत, पाळी सुरू होण्याआधी कपडे बदलायच्या खोलीची दारं बंद करून ॲल्युमिनियमची काळी पूड हवेत सोडत आणि कामगारांना ती श्वासात घ्यायला लावत, फुप्फुसांना संरक्षण मिळेल म्हणून. हा प्रकार १९४३ ते १९७९ चालला. त्या पुडीमुळे झालेला पार्किन्सन हा कामातून जडलेला आजार आहे हे प्रांताने नियमात मान्य केलं ते २०२२ साली.

बॅनक्रॉफ्टच्या पश्चिमेला, ह्युरॉन सरोवराच्या बाजूला एलियट लेक हे याहून कितीतरी मोठं युरेनियमचं गाव होतं. १९७४ साली तिथल्या कामगारांना आपल्यातल्या कर्करोगाचे आकडे कळले ते फ्रान्समधल्या एका परिषदेतून. आपल्याच फुप्फुसांची माहिती परदेशातल्या सभेत वाचली जाते आणि आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून सुमारे हजार जण काम टाकून बाहेर आले. त्यातून चौकशी आयोग बसला, १९७६ साली अहवाल आला, आणि १९७९ पासून ऑंटारियोत लागू झालेला कामगार-सुरक्षेचा कायदा त्यातून निघाला. आज तुम्ही ऑंटारियोत कुठेही नोकरी करत असाल, ऑफिसात का असेना, तर धोकादायक काम नाकारायचा तुमचा हक्क त्या कायद्यात आहे.

बायक्रॉफ्ट आणि डायनोच्या कामगारांच्या वाट्याला तो हक्क आला नाही. त्यांच्या खाणी तोवर बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. ऑंटारियोच्या युरेनियम कामगारांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे, आणि जितका रेडॉन अधिक तितका धोका अधिक, हे पुढच्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलं.

आणि मगाचे ते ९९९ किलो. दगड दळून, आम्लाने युरेनियम काढून घेतलं तरी रेडियमसह बाकीची साखळी त्या वाळूतच राहते. मूळ किरणोत्सर्गाचा सुमारे ८५ टक्के भाग मागेच. ही वाळू दऱ्यांमध्ये बंधारे घालून साठवलेली आहे. वरून माती, गवत, झुडपं. हायवेवरून जाताना ते एक सपाट माळरान वाटतं. त्या वाळूतल्या थोरियम-२३० चं अर्धायुष्य ७५ हजार वर्षं आहे, आणि ते असेपर्यंत नवं रेडियम आणि नवा रेडॉन तयार होतच राहणार. सात वर्षं चाललेल्या खाणीची ही उरलेली जबाबदारी.

तर तळघर. बाबांनी वही घेतली. आकडे मोजायला सोपे जावेत म्हणून माझ्या दगडात एक ग्रॅम युरेनियम धरलं. एका ग्रॅमात दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतात. साखळी जुनी आणि समतोलात, म्हणून रेडियमचेही तितकेच, म्हणजे दर सेकंदाला रेडॉनचे १२,४०० नवे अणू. त्यातला दहावा भाग दगडाबाहेर पडतो असं धरू. आमचं तळघर साधारण १५० घनमीटर, आणि तिथली हवा तीनेक तासांत एकदा बदलते. गणिताचं उत्तर आलं : दर घनमीटरला ०.२ बेकरेल.

कॅनडाच्या आरोग्य खात्याची मार्गदर्शक मर्यादा २०० आहे. जागतिक आरोग्य संघटना १०० सुचवते. म्हणजे माझा दगड मर्यादेच्या हजाराव्या भागाइतका.

मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं. पण बाबांची वही मिटली नव्हती. "आता डबा बंद ठेव," ते म्हणाले. बंद डब्यात हवा बदलत नाही. तीन-चार आठवड्यांत रेडॉन साठत साठत कमाल पातळीला जातो, आणि दहा लिटरच्या डब्यात ती पातळी दर घनमीटरला एक लाखाच्या वर निघते. झाकण उघडून "बघू बघू" करत तोंड आत घालणारा माणूस तो पहिला श्वास घेतो. तेव्हा डबा उघडायचा तो परसात. आणि मग हेच गणित उलट करा : फळीवर एक ग्रॅमऐवजी एक किलो युरेनियम असेल तर ०.२ चे २०० होतात. हौशी संग्राहकाकडे कपाटभर चांगले नमुने असले तर हे अशक्य नाही. असं कपाट राहत्या तळघरात नको.

गॅमाचंही सांगून टाकते. त्याच एका ग्रॅमपासून मीटरभर अंतरावर तासाला सुमारे ०.००२५ मायक्रोसिव्हर्ट, तर टोरांटोत नुसतं उभं राहिलं तरी तासाला ०.१ च्या आसपास मिळतात. अंतर दहापट कमी केलं की मात्रा शंभरपट होते, म्हणून खिशात घालून हिंडू नये किंवा उशाशी ठेवू नये. आई-बाबा मुंबईहून इथे विमानाने आले, त्या उंचीवर तासाला ५ मायक्रोसिव्हर्ट धरले तर एका फेरीत पाऊणशे-ऐंशी. इतका डोस मिळवायला माझ्या दगडापासून मीटरभर अंतरावर साडेतीन वर्षं अहोरात्र बसावं लागेल. आईला हे पटलं नाही, पण परतीच्या तिकिटाकडे ती थोडा वेळ संशयाने बघत राहिली.

खरी काळजी धुळीची. असे दगड घरात फोडू नयेत, घासू नयेत, कापू नयेत. धुवायचे ते बाहेर, हातमोजे घालून. हाताळल्यावर जेवणाआधी हात धुवायचे. लहान मुलाच्या हाताला लागतील असे ठेवायचे नाहीत. आणि भारतातल्या कुणाला भेट म्हणून विमानातून न्यायचा विचारही करायचा नाही.

एवढं झाल्यावर बाबा म्हणाले, "दगडाचं कळलं. जमिनीचं काय?"

युरेनियम थोडंथोडं सगळ्या मातीत असतं. घराखालची माती रेडॉन सोडत असते आणि हिवाळ्यात बंद, गरम घर तो फरशीच्या भेगांतून आत ओढून घेतं. कॅनडात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे १६ टक्के रेडॉनमुळे होतात असं आरोग्य खातं सांगतं. तंबाखूनंतर हेच सर्वांत मोठं कारण. शेजारच्या घराचा आकडा आपल्या घराला लागू पडत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचं तर निदान तीन महिने, शक्यतो हिवाळ्यात. आम्ही या घरात अकरा वर्षं राहतोय. दगडासाठी मी काउंटर विकत घेतला होता, आणि रेडॉन मोजायची ती छोटी डबी, जी त्याहून कितीतरी स्वस्त मिळते, ती कधी आणली नव्हती.

ऑक्टोबरात आई-बाबा परत गेले. मी दगड गॅरेजमध्ये हलवले, म्हणजे हिशेबात घोळ नको, आणि नोव्हेंबरात डबी तळघरात त्यांच्या पलंगाशेजारी ठेवली. फेब्रुवारीच्या शेवटी ती प्रयोगशाळेकडे पाठवली. उत्तर आलं १५४. कॅनडाच्या मर्यादेच्या आत, जागतिक संघटनेच्या आकड्याच्या वर.

रविवारी व्हॉट्सॲपवर बाबांना सांगितलं. पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे जमीन दीडशे, आणि तुझा दगड पॉइंट दोन," ते म्हणाले.

फरशीला भोक पाडून खालची हवा नळीने आणि पंख्याने बाहेर फेकायची सोय होते, ती आम्ही करून घेतोय. जूनमध्ये ते दोघं पुन्हा यायच्या आत काम होईल. दगड गॅरेजमध्येच आहेत. बाबांनी फोन ठेवता ठेवता विचारलं होतं, "त्या जांभळ्याला तिकडे ओल लागत नाही ना?"